आपलेच दात, आपलेच ओठ: पॉन्टरदुलाइसचा टोलनाका आणि एक जेपी

६ सप्टेंबर १८४३, बुधवारची रात्र. साउथ वेल्समधल्या पॉन्टरदुलाइस गावाजवळ एका शेतात काही माणसं दबा धरून बसली होती. ग्लॅमॉर्गन जिल्ह्याचा पोलीस प्रमुख कॅप्टन नेपियर (सिंधवाला नेपियर नव्हे, तो त्याच वर्षी तिकडे सिंध गिळत होता, हा दुसरा), त्याचे मोजके पोलीस, आणि त्यांच्याबरोबर तीन मॅजिस्ट्रेट. मी तालुका कोर्टात तीस वर्षं वकिली केली, पण आमचे कुठलेही मॅजिस्ट्रेटसाहेब रात्री बारा वाजता बांधाआड ओल्या गवतात बसलेत हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यापुढे येत नाही. म्हणून ही केस वाचली तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला की अरे हे तिघं तिथे करत काय होते.

तिघांपैकी एक जॉन डिलविन लुएलिन, वय ३३. दुसरा त्याचा सख्खा धाकटा भाऊ लुइस, वय २९. तिसरा मॅथ्यू मॉग्रिज, म्हणजे त्यांचा मेव्हणा, बहीण फॅनीचा नवरा. घरचंच कार्य होतं म्हणा ना.

हे लिहायचं निमित्त म्हणजे मुलगा स्वान्सीला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा तो एकदा पेनलरगेरच्या जंगलात फिरायला घेऊन गेला. शहराच्या उत्तरेला आहे, मोटरवेला अगदी लागून, गाड्यांचा आवाज चालूच असतो. आत गेलं की मोठा तलाव, माणसाने बांधलेला धबधबा, बुरुश (ऱ्होडोडेन्ड्रॉन) फुललेले, आणि एका बाजूला छोटी गोल घुमटाची वेधशाळा. वाडा मात्र नाही, तो १९६१ साली पाडला. मी विचारलं की हे सगळं केलं कुणी, तर कळलं की लुएलिन म्हणून एक जमीनदार होता, फोटोग्राफीतला पहिल्या पिढीतला माणूस. आणि मॅजिस्ट्रेट. वकिलाला शेवटचा शब्द ऐकू येतो, बाकीचं नंतर.

आधी माणूस कोण होता ते सांगतो, कारण त्याशिवाय केसमधली मेख कळणार नाही. जन्म १८१०, स्वान्सीचा. वडील लुइस वेस्टन डिलविन हे चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्याचे मालक, पण जीव सगळा वनस्पती आणि शिंपल्यांत, वर पाच वर्षं पार्लमेंटात ग्लॅमॉर्गनचे खासदार, आणि अर्थातच मॅजिस्ट्रेट. त्यांचे वडील, म्हणजे आपल्या लुएलिनचे आजोबा विल्यम डिलविन, हे अमेरिकेतून आलेले क्वेकर, गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीच्या अगदी सुरुवातीच्या माणसांतले. क्वेकर म्हणजे हत्यार हातात धरायचं नाही असं मानणारा पंथ. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. पेनलरगेरची इस्टेट आली ती आईकडून. आईच्या वडिलांनी ती नातवाच्या नावे ठेवली आणि नातू सज्ञान झाल्यावर डिलविनच्या पुढे लुएलिन हे आडनाव लावून मालक झाला. आपल्याकडे दत्तक जाऊन आडनाव बदलतात तसलाच प्रकार, फक्त होमहवन नाही. १८३३ साली लग्न झालं एमा टॅलबॉटशी, ही मार्गमच्या टॅलबॉट घराण्यातली, ग्लॅमॉर्गनमधली सगळ्यात गब्बर मंडळी. आणि तिचा मावसभाऊ कोण, तर कागदावर फोटो काढायची रीत शोधणारा फॉक्स टॅलबॉट. त्यामुळे फोटोग्राफीची बातमी जगाला १८३९ साली कळली तेव्हा ह्यांच्या घरात ती सोयऱ्यांच्या पत्रातून आली होती. १८३५ साली जिल्ह्याचा हाय शेरीफ (राजाने नेमलेला मानाचा अधिकारी), १८३६ साली रॉयल सोसायटीचा, म्हणजे तिकडच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा फेलो, तेव्हा वय २६. ऑर्किडसाठी काचेचं उबदार घर बांधलं आणि त्यात गरम पाण्याचा धबधबा सोडला, म्हणजे झाडांना आपण दक्षिण अमेरिकेच्या जंगलातच आहोत असं वाटावं. एकूण काय, सज्जन, हुशार, पैसेवाला, नादिष्ट माणूस. शेजारी असता तर आपल्याला आवडला असता.

आता मॅजिस्ट्रेट म्हणजे काय ते. जस्टिस ऑफ द पीस, थोडक्यात जेपी. मुंबईकरांना हा शब्द नवा नाही, त्याच काळात मुंबईत हिंदी लोकांना पहिल्यांदा जेपी केलं गेलं आणि त्यात आपले नाना शंकरशेट होते. मात्र वेल्सच्या खेड्यातला जेपी म्हणजे नुसता मान नव्हता, तो सरकारच होता. पगार नाही. कायद्याची पदवी लागत नाही. लागते ती जमीन, वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्नाची. अशी जमीन असली आणि लॉर्ड लेफ्टनंटने, म्हणजे राजाच्या जिल्ह्यातल्या प्रतिनिधीने, नाव पुढे केलं की झालात मॅजिस्ट्रेट. मग किरकोळ खटले तुम्हीच चालवायचे, दारूच्या दुकानाचं लायसन्स तुम्हीच द्यायचं, नदीवरचे पूल तुमच्या क्वार्टर सेशन्समध्ये (मॅजिस्ट्रेटांच्या तिमाही बैठकीत) मंजूर व्हायचे, तुरुंग तुम्हीच बघायचा, गरिबांना कामाला लावून ठेवायच्या वर्कहाऊसच्या बोर्डावर तुम्ही पदसिद्ध, आणि गावात दंगा झाला तर तो मोडायला लष्कर मागवायचं ते पण तुम्हीच. म्हणजे तलाठी, तहसीलदार, जेएमएफसी, बीडीओ आणि वर खंड वसूल करणारा मालक, सगळं एकाच कोटात. कुळाने दाद मागायची कुणाकडे? तर मालकाकडे, आणि ते साहेब नसले तर त्यांच्या मेव्हण्याकडे.

आणि भाषा. कुळं वेल्श बोलणारी, रविवारी सरकारी चर्च सोडून आपापल्या पंथाच्या चॅपेलमध्ये जाणारी. मालक आणि कोर्ट इंग्रजी. आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाला आपल्यावर काय चाललंय हे दुभाष्याकडून कळायचं. ह्यावर जास्त बोलत नाही, ज्याने कोर्टात खेड्यातला अशील उभा केलाय त्याला सांगायची गरज नाही.

भांडण कशावरून, तर टोलवरून. कोल्हापूरकरांनी इथे गालातल्या गालात हसायला हरकत नाही. रस्ते टर्नपाइक ट्रस्टच्या ताब्यात होते. ट्रस्ट म्हणजे गावचे प्रतिष्ठित लोक, बहुतेक तेच जमीनदार आणि तेच मॅजिस्ट्रेट. ते रस्त्यासाठी कर्ज उभं करायचे आणि टोल वसुलीचा लिलाव करायचे. ठेकेदार घ्यायचे, त्यांच्यातला थॉमस बुलिन हा इंग्रज तर इतके ठेके घेऊन बसला होता की लोक त्याच्या नावाने बोटं मोडायचे. वसुली बुडू नये म्हणून आडरस्त्यांवरसुद्धा नाके. शेतकऱ्याचा मुद्दा साधा होता. तिकडची जमीन आंबट, ओली, तिला दर वर्षी चुना घालावाच लागतो. भट्टीवर चुना स्वस्त मिळतो पण तो बैलगाडीने, नाहीतर घोडागाडीने घरी आणेपर्यंत वाटेत इतके नाके की चुन्याच्या किमतीपेक्षा टोल जास्त. त्यात दोन-तीन वर्षं पीक बुडालेलं, मग पीक आलं तर भाव पडलेले, चर्चचा धान्यातला दशांश आता रोखीत द्यायचा, १८३४ च्या गरीब कायद्याने गरिबांना घरच्या घरी मदत बंद होऊन वर्कहाऊसमध्ये टाकायला सुरुवात झालेली. नाका फक्त डोळ्यासमोर होता. दिसतो, लाकडी असतो, आणि कुऱ्हाडीने तुटतो.

पहिला नाका तुटला १३ मे १८३९ ला एव्हाइलवेनला. तोडणारे रात्री यायचे, तोंडाला काळं, अंगात बायकांचे कपडे, आणि त्यांच्या म्होरक्याला म्हणायचे रिबेका. नाव बायबलातलं, उत्पत्तीच्या पुस्तकात रिबेकेला आशीर्वाद आहे की तुझी संतती वैऱ्यांच्या वेशी ताब्यात घेवो. चॅपेलमध्ये बायबल पाठ झालेल्या माणसांना वेस म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायला नको. कपडे घालायची रीत मात्र त्याहून जुनी, गावात कुणी बायकोला मारलं किंवा वाकडं वागलं की तोंडं रंगवून, लाकडी घोडा नाचवत त्याच्या दारात जाऊन त्याची वरात काढायची असा गावन्याय तिकडे होताच. म्हणजे बघा, लोकांकडे स्वतःचं एक कोर्ट आधीपासून होतं आणि साहेबांकडे दुसरं.

१८४३ च्या उन्हाळ्यात हे लोण ग्लॅमॉर्गनमध्ये शिरलं. ६ जुलैला बोलगोएडचा नाका गेला, तो पेनलरगेरपासून काही मैलांवर. इथे ग्लॅमॉर्गन आणि शेजारचा कार्मार्थेनशायर ह्यातला एक फरक सांगायला हवा, ही केस त्याच फरकावर उभी आहे. ग्लॅमॉर्गनच्या मॅजिस्ट्रेटांनी १८४१ सालीच पगारी पोलीस दल उभं केलं होतं. कार्मार्थेनशायरवाले खर्चाला भ्याले. त्यामुळे दोन जिल्ह्यांमधल्या नदीच्या ह्या काठावर नेपियर आणि त्या काठावर कुणी नाही.

नेपियरने २३ जुलैला, रविवारी, कुमकिले नावाच्या शेतावर मॉर्गन कुटुंबातल्या पोरांना पकडायला जाऊन जो राडा केला तो वेगळ्या केसचा विषय आहे. थोडक्यात सांगतो. घरचे पोराला सोडेनात, झटापट झाली, चुलीवरचं गरम पाणी साहेबांच्या अंगावर आलं, त्याने पिस्तूल काढून एका मुलाच्या पोटात गोळी घातली. मुलगा वाचला. पण त्या घटनेनंतर दोन्हीकडे एक गोष्ट पक्की झाली की आता हे नुसत्या लाकडावर थांबणार नाही.

तर आता ६ सप्टेंबर. खबर आधीच फुटली होती की आज रात्री पॉन्टरदुलाइसचा नाका जाणार. इथे मी माझ्या पद्धतीने विचार करतो, मॅजिस्ट्रेटपुढे पर्याय काय होते? नाक्यावर उजेडात दहा पोलीस उभे केले असते तर कुणी आलंच नसतं, नाका वाचला असता, केस झाली नसती. स्वान्सीहून घोडेस्वार लष्कर आधीच मागवलं असतं तरी तेच, टापांचा आवाज मैलभर जातो आणि आख्खा उन्हाळा ड्रॅगून (हेच घोडेस्वार) ह्याच भानगडीत फसत आले होते, ते पोचेपर्यंत नाका सरपण झालेला असायचा. तिसरा पर्याय, लपून बसायचं आणि तोडू द्यायचं, मग धरायचं. मुद्देमालासकट. त्यांनी तिसरा निवडला. आपल्याकडचा कुठलाही पीएसआय हेच सांगेल की केस उभी राहायची तर रंगेहाथ पाहिजे. पण रंगेहाथ पकडायला मॅजिस्ट्रेट कशाला? तर कायद्याने त्यांचा हुकूम असला की पोलिसांची पाठ राखली जाते, आणि दुसरं, मला वाटतं हे जास्त खरं, की त्यांच्याकडे पाठवायला दुसरं कुणी नव्हतंच. राज्य म्हणजे ते, ते भाऊ, तो मेव्हणा.

मध्यरात्रीच्या सुमाराला शिंगं ऐकू आली, बंदुकीचे बार, ओरडा. शंभर-दीडशे माणसं कार्मार्थेनशायरकडून पूल ओलांडून आली, काही घोड्यावर, पांढरे झगे घातलेले. नाक्याच्या घराच्या काचा फुटल्या, लाकूड तुटायला लागलं. मग नेपियरने आपली माणसं पुढे काढली आणि थांबा म्हणून ओरडला. पोलिसांचं म्हणणं गोळी आधी समोरून आली. बचाव पक्षाचं म्हणणं आधी पोलिसांनी झाडली. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या जाबजबाबात वाचलंय की त्यावर मत द्यायचं मी सोडून दिलंय. एवढं नक्की की नेपियरने घोड्यावरच्या म्होरक्यावर गोळी झाडली, तो खाली आला, मग तलवारी, काठ्या, अंधार. चकमक काही मिनिटांत संपली. शंभर-दीडशे माणसं पळाली. लष्कर आलं, पण सगळं आटोपल्यावर.

हाती लागले तिघं. जॉन ह्यूज, लानन गावच्या टी इशा शेतावरचा, वय २४, हाताला गोळी. गावात त्याला जॅक टी इशा म्हणायचे. डेव्हिड जोन्स, पाठीत छर्रे आणि डोक्यावर तलवारीचे वार. आणि जॉन ह्यू. ह्यूज हा चांगल्या घरातला, बऱ्यापैकी शेती असलेल्या कुटुंबातला पोरगा होता. म्हणजे ज्यांना गुंड म्हणायचं ठरवलं होतं त्यांच्या म्होरक्याच्या तोंडावरचं काळं पुसल्यावर खाली कुणाच्या तरी घरचा सरळ मुलगा निघाला. उजाडल्यावर ते तोंड बघताना लुएलिनला काय वाटलं असेल हे मला फार वेळा मनात येतं. क्वेकर आजोबांचा नातू, ऑर्किडला थंडी वाजू नये म्हणून गरम धबधबा बांधणारा माणूस. मी त्याला दुष्ट म्हणणार नाही. पण सज्जनपणाचा त्या जागी काही उपयोग झाला नाही, तिथे बसलेला कुणीही तेच करणार होता, हे माझं ह्या केसवरचं मत आहे आणि पुढचं सगळं त्याच्याच पुराव्यादाखल.

आता खरी मजा बघा, म्हणजे मजा म्हणायची जीभ होत नाही. तीनच रात्री गेल्या. ९ सप्टेंबर, शनिवार. नदीच्या पलीकडे, पॉन्टरदुलाइसपासून अगदी जवळ, हेन्डीचा नाका. तो कार्मार्थेनशायरमध्ये. टोल गोळा करणारी साराह विल्यम्स नावाची बाई, वय पंचाहत्तरच्या आसपास. धमक्या येऊनही नाका न सोडलेली, हिंमतीची. त्या रात्री छप्पर पेटवलं, ती सामान बाहेर काढत होती, शेजाऱ्यांना मदतीला हाका मारल्या, कुणी आलं नाही, आणि गोळी लागून ती मेली. डॉक्टरांनी प्रेत तपासलं, छर्रे सापडले. इनक्वेस्टला, म्हणजे मृत्यूच्या चौकशीला, ज्युरी बसली, गावचीच. निकाल काय दिला, तर छातीत रक्तस्राव होऊन मृत्यू, रक्तस्राव कशाने झाला ते ज्युरीला माहीत नाही.

परत वाचा. शरीरात छर्रे आहेत आणि कारण माहीत नाही.

मी ह्या निकालावर बरेच दिवस विचार केला. भीती तर होतीच, खरं बोलणाऱ्याची गवताची गंजी दुसऱ्या दिवशी पेटली असती. पण नुसती भीती नाही. हे सगळे जॅक टी इशाच्या गावशेजारचे, त्याच्या हाताला तीन दिवसांपूर्वी गोळी लागलेली, तो स्वान्सीच्या तुरुंगात. साहेबांनी आपल्या कोर्टात आपल्या रीतीने न्याय केला, तर ह्यांनी आपल्या ज्युरीत आपल्या रीतीने केला. फक्त मधल्या मध्ये एक म्हातारी गेली आणि तिच्या वतीने कुणीच उभं राहिलं नाही, ना ह्या कोर्टात ना त्या. रिबेकावर पुढे गाणी झाली, पुतळे-फलक झाले, पण साराहबाईंचा हिशेब त्यांच्याकडून राहिलाच, हे मी कितीही कुळांच्या बाजूचा असलो तरी म्हणणार.

तुलनेसाठी पलीकडच्या काठावरचा एक जेपी बघू, विल्यम चेंबर्स धाकटे, लानेलीचे. हा माणूस लोकांच्या बाजूचा म्हणून ओळखला जायचा. २५ ऑगस्टला मिनिद सिलेनच्या डोंगरावर हजारो शेतकऱ्यांची सभा झाली, अध्यक्ष हाच. तक्रारी ऐकल्या, अर्ज करू म्हणाला, दंगा नको म्हणाला. आणि ६ सप्टेंबरच्या रात्री मॅजिस्ट्रेट ह्या नात्याने सैनिक घेऊन हाच त्याच पुलाकडे आला. मग गावात उठलं की ह्यूजला गोळी चेंबर्सनेच घातली. घातली नव्हती. पण त्याच्या शेतांवरच्या गंज्या पेटल्या, इमारती जळल्या, घोडा मारला. लुएलिनपेक्षा चेंबर्सचं नुकसान जास्त झालं, आणि कारण उघड आहे, लुएलिनकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. जो सभेत बाजूला बसतो त्याने रात्री समोर उभं राहिलेलं माणूस विसरत नाही. मला चेंबर्सचं वाईट वाटतं. दोन टोप्या एका डोक्यावर घालून चालणारा बिचारा प्रामाणिक माणूस, दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या.

खटला. इथे वकिलांनी कान टवकारावेत. नाका ग्लॅमॉर्गनच्या काठावर होता म्हणून खटला कार्डिफला गेला, ग्लॅमॉर्गनच्या ज्युरीपुढे. हेच नदी ओलांडून दोनशे-तीनशे हात पलीकडे घडलं असतं तर कार्मार्थेनची ज्युरी बसली असती आणि ती काय करते ते हेन्डीला दिसलंच. सरकारने नेहमीच्या कोर्टाची वाट न बघता ऑक्टोबरअखेर स्पेशल कमिशन बसवलं, सरकारतर्फे खुद्द अॅटर्नी जनरल पोलॉक उभा, ह्यूजचा वकील मॅथ्यू डेव्हनपोर्ट हिल, त्या काळातला नावाजलेला. हिलने बाजू जोरात मांडली पण मुद्देमालासकट धरलेला, पोलीस साक्षीदार, आणि पोलिसांच्या बाजूला तीन मॅजिस्ट्रेट त्या शेतात बसलेले, आता ह्याला कुठला वकील काय करणार. ज्युरीने दोषी ठरवून दया दाखवायची शिफारस केली. शिक्षा, ह्यूजला २० वर्षं काळं पाणी, जोन्स आणि ह्यूला ७-७ वर्षं. काळं पाणी म्हणजे त्यांचं टास्मानिया. आपल्याकडे हा शब्द ऐकला की अंदमान आठवतं, पण तीच रीत त्यांनी आधी आपल्याच माणसांवर चालवली होती हे बरेचदा विसरायला होतं. ह्यूज परत आला नाही.

म्हणजे तीन मॅजिस्ट्रेटांनी तिथे जातीने हजर राहण्याचा परिणाम काय झाला ते बघा. कायद्याच्या हिशेबाने केस भक्कम झाली, कामगिरी शंभर टक्के यशस्वी, त्या आख्ख्या वर्षातली सरकारची बहुतेक पहिली ठोस. पण गावाच्या हिशेबाने, उद्या कुणा कुळाचं बांधाचं भांडण घेऊन ज्या साहेबापुढे जायचं तोच काल रात्री बांधाआड आपल्या पोरांची वाट बघत बसला होता. माझा आक्षेप इथे आहे. नाका वाचवू नये असं नाही म्हणत. मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यावा, वॉरंट काढावं, आणि घरी बसावं. जो साक्षीदार होऊ शकतो त्याने न्यायाच्या खुर्चीत बसू नये हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण हे म्हणताना मी २१ व्या शतकातून बोलतोय. १८४३ मध्ये पोलीस, कोर्ट, तहसील वेगवेगळं करायचं हा विचारच ग्रामीण वेल्समध्ये कुणाच्या घशाखाली उतरला नसता, पगार कोण देणार ह्याच प्रश्नावर अडला असता, जसा कार्मार्थेनशायरचा पोलिसांवर अडला.

लंडनला मात्र समजलं. टाइम्सने थॉमस कॅम्बेल फॉस्टर म्हणून बातमीदार पाठवला होता, तो शेतकऱ्यांत बसून ऐकून लिहायचा, त्याच्या बातम्यांमुळे तक्रारी खऱ्या आहेत हे तिकडे पटलं. सरकारने चौकशी आयोग नेमला, फ्रँकलंड लुइस, क्लाइव्ह आणि क्रिप्स असे तिघं. त्यांनी गावोगाव फिरून साक्षी घेतल्या. १८४४ साली कायदा झाला, ट्रस्ट मोडून जिल्ह्याचे रस्ते बोर्ड, चुन्यावरचा टोल निम्मा, आणि एकदा पैसे भरले की सात मैलांत परत भरायचा नाही. म्हणजे जी मागणी तोंडाला काळं फासून केली तीच पुढच्याच वर्षी पार्लमेंटने इस्त्रीच्या कपड्यात मंजूर केली. ह्यूज तेव्हा जहाजावर, नाहीतर पोचलेला. साउथ वेल्समधले नाके पूर्ण जायला १८८९ उजाडलं.

आणि लुएलिन? त्याचं आयुष्य पुन्हा रुळावर आलं, अगदी लगेच. १८४४ साली, म्हणजे वर्षही नीट झालं नसेल, तो तारयंत्रवाल्या व्हीटस्टन ह्या शास्त्रज्ञाबरोबर स्वान्सीच्या खाडीत पाण्याखालून तारेने संदेश पाठवायचे प्रयोग करत होता. १८४८ ला ब्रिटिश असोसिएशनचे शास्त्रज्ञ स्वान्सीला जमले तेव्हा पेनलरगेरच्या तलावात त्याने विजेवर चालणारी होडी दाखवली. मग ती वेधशाळा, मुलगी थेरेझाबरोबर दुर्बिणीतून काढलेले चंद्राचे फोटो, १८५५ ला पॅरिसच्या प्रदर्शनात लाटांच्या, ढगांच्या, वाफेच्या फोटोंना पदक. १८५६ ला मधाचं मिश्रण लावून काच ओली ठेवायची युक्ती काढली, त्यामुळे फोटोवाल्याला अंधारखोली पाठीवर घेऊन हिंडायला नको. १८७८ ला मॉरिस्टनजवळ ४२ एकर जागा लोकांना बागेसाठी दिली, आजही पार्क लुएलिन नावाने आहे. १८८२ ला गेला.

भाऊ लुइस पुढे स्वान्सीचा खासदार झाला, १८५५ पासून मरेपर्यंत, आणि तिकडे चांगला सुधारक म्हणून नाव काढलं. त्याची मुलगी एमी, जन्म १८४५ चा, म्हणजे त्या रात्रीनंतर दोन वर्षांनी. घरात ती गोष्ट किती वेळा ऐकली असेल. १८८० साली तिने त्यावर कादंबरी लिहिली आणि सांगायला कोण निवडला, तर बाप नाही, काका नाही, नाका तोडणारा गडी. सगळी कादंबरी त्याच्या तोंडून. बापाचा जाब मुलीने असा लिहून घेतला म्हणायचं. ही बाई पुढे जस्ताचा कारखाना स्वतः चालवायची आणि सिगार ओढायची, तिच्यावर वेगळं लिहायला पाहिजे कधीतरी.

मुलाने मला लॅपटॉपवर लुएलिनचे बरेच फोटो दाखवले. त्यातला एक मनातून जात नाही, १८५६ चा, तलावाच्या काठी बगळा उभा आहे, मान वाकवून पाण्यात बघतोय, मासा दिसला की मारणार असा. तेव्हाच्या काचेला वेळ लागायचा, जिवंत पक्षी तेवढा वेळ थांबणार नाही, म्हणून पेंढा भरलेला बगळा आणून ठेवलाय. हरीण आहे, तेही तसलंच. लेकी आहेत, समुद्रकिनारा, नेचे, होडी, बोटीची दोरी धरलेला माणूस. मी सगळे पाहिले, दोनदा. टोलनाका कुठल्याच फोटोत सापडला नाही.